पांढऱ्याच्या शिरेत

पट पुन्हा सुरू झाले त्या हिवाळ्यात आमच्या ह्यांनी बैलजोडी आणली आणि माझ्या संसारात दोन सवती आल्या. एक पांढरा, एक करडा. असं मी चारचौघींत म्हणते तेव्हा बाया हसतात, पण मी काही फार खोटं बोलत नाही. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. कोर्टाच्या बंदीमुळे ती बरीच वर्षं थांबली होती, आणि त्या वर्षांत आमचे हे चांगले माणसात आले होते. धान निघालं की संध्याकाळी ओट्यावर बसून माझ्याशी दोन शब्द बोलायचे. पट सुरू झाले आणि ते दोन शब्दही गोठ्यात गेले.

मी राजुऱ्याकडची. माझ्या माहेरी कोळशाच्या गाड्या मोजत मोठी झाले, बैलांचं मला कौतुक नव्हतं. लग्न होऊन चामोर्शी तालुक्यात आले तेव्हा इथल्या माणसांचं बैलवेड बघून मी तोंडात बोट घातलं. पटाच्या बैलाला नांगराला जुंपत नाहीत. त्याला सरकीची ढेप म्हणजे पेंड, उडदाचं पीठ, अंडी, दूध. घरातल्या लेकराला ताप आला तर 'उद्या पाहू', पण पांढऱ्यानं शेण जरा पातळ टाकलं की ह्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. सकाळी उठले की आधी त्याच्याजवळ जायचे, त्याच्या कपाळावर हात ठेवून काहीबाही बोलायचे. एकदा मी दाराआड उभी राहून ऐकलं, काय बोलतात ते. तर काल बाजारात कोण भेटलं आणि काय म्हणालं, हे सगळं त्याला सांगत होते. मला ते काही माहीत नव्हतं. मी चिडले नाही असं म्हणणार नाही.

मार्गशीर्षात पांढऱ्याचा खांदा सुजला. जू घासून घासून सूज आली होती, आणि आमच्याच गावचा संक्रांतीनंतरचा पट तोंडावर होता. पटात ओळख झालेल्या कुणीतरी ह्यांना एक बाटली दिली. घोड्यांच्या शर्यतीवाले हेच लावतात, सूज उतरते, दुखणं ओढून घेते, असं त्यानं सांगितलं होतं. पाण्यासारखी दवा, थोडी तेलकट, वासही फारसा नाही. बाटलीवर सगळं इंग्रजी. मी बारावी शिकलेली, वाचून पाहिलं, पण नाव इतकं लांब होतं की अर्ध्यातच सोडून दिलं. गंमत म्हणजे थंडीच्या सकाळी ती दवा खोबरेल तेलासारखी गोठून पांढरी व्हायची. मग बाटली उन्हात ठेवायची, विरघळली की चोळायची.

एका गुरुवारी ह्यांना धान विकायला जायचं होतं, म्हणून ते चोळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मार्गशीर्षातला गुरुवार, माझा उपास, घरात कांदा-लसणाचं नाव नाही. मी तळहातावर दवा घेऊन पांढऱ्याचा खांदा चोळला, हात साबणानं धुतले आणि पूजेची तयारी करायला घरात आले. तर तोंडात लसणाची चव. चांगली कच्च्या लसणाची, जिभेच्या मुळापासून आलेली. मी चूळ भरली, पुन्हा भरली, जाईना. सासूबाईंनी जवळ येऊन माझं तोंड हुंगलं.

"उपासाच्या दिवशी लसूण खाल्ला काय वं?" त्यांनी विचारलं.

मी देवीची शपथ घेतली, पण त्यांचा चेहरा काही निवळला नाही. दिवसभर त्या माझ्याशी मोजकं बोलल्या. संध्याकाळी हे घरी आले, मी सगळं सांगितलं, तर ह्यांना हसू आवरेना. त्यांनी स्वतःच्या तळहातावर थोडी दवा ओतली आणि वाट बघत ओट्यावर बसले. थोड्या वेळानं जीभ टाळूला लावून बघितली आणि त्यांचं हसू थांबलं.

"हाताले लावली नि तोंडात आली," ते म्हणाले. "कातड्यातून आरपार जाते वं ही. कशी दवा असंन सांग."

मी म्हटलं, दवा कशीही असो, पुढच्या गुरुवारी माझ्या ह्या सवतीला तुम्हीच चोळा. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते बाटली उजेडाकडे धरून बघत होते. खांद्याची सूज त्या दवेनं खरंच उतरली, एवढं मला मान्य करायला हवं.

पटाचा दिवस म्हणजे आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठा. लेकी-जावई, सोयरे, ज्यांचं वर्षभर तोंड दिसत नाही असे सगळे येतात. दिवसा पट, संध्याकाळी मांडवात नाटक, आणि मधल्या वेळात घरच्या बाईनं चुलीपुढून हलायचं नाही. त्या सकाळी थंडी अशी होती की बोटं वळत नव्हती. पाहुण्यांसाठी मी मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी तापवत ठेवलं होतं, त्यात बघते तर ती बाटली उभी.

"माझ्या पाण्यात काऊन टाकली ही?" मी विचारलं.

"गोठली होती," हे म्हणाले आणि बाटली उचलून चालू लागले.

मी म्हटलं, असेल, खांद्याला लावत असतील. घरात एवढी माणसं, मला डोकं वर काढायला फुरसत नव्हती. ह्यांचा सदरा एका बाजूला खाली ओढला गेला होता, खिशात काहीतरी जड होतं, हे मी पाहिलं. त्यावर काही विचार केला नाही.

आता पटात तपासणी असते. सरकारी दवाखान्याचे जनावरांचे डॉक्टर मैदानाच्या तोंडाशी बसतात, एकेक बैल बघतात, कुणी काही पाजलं-टोचलं आहे का विचारतात. नियम कडक आहे, सापडलं तर जोडी बाहेर. आमची जोडी तपासून आत गेली. नंतर पळाली, आणि काय पळाली म्हणतात. मी बघितलं नाही, मी वडे तळत होते. पण लाउडस्पीकरवर बोंब उठली, पोरं धावत येऊन सांगून गेली, आणि थोड्या वेळानं ह्यांना खांद्यावर घेऊन लोक गल्लीतून आले. दुसऱ्या दिवशीच्या शेवटच्या शर्यतीत आमची जोडी पोचली होती. हे इतके हसत होते की चेहरा ओळखू येईना. मागून बैल आले. सगळे ह्यांच्याकडे बघत होते, बैलांकडे मी एकटीच बघत होते, कारण त्यांच्या पायांनी माझं सारवलेलं अंगण खराब होणार होतं.

पांढऱ्याची मान खाली होती. पळून दमला असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. गोठ्यात बांधला, पुढे ढेप ठेवली, त्यानं तोंड लावलं नाही. पाणीही नको. मी त्याच्या नाकाला हात लावला तर नाक कोरडं. मग त्यानं मागचे पाय फाकवून लघवी केली. बिनदुधाच्या चहासारखी, त्यात लाल झाक. फरशीवरून ती नालीत वाहत गेली तरी फरशीवर रंग राहिला.

मी ह्यांना बाजूला बोलावून आणलं. त्यांनी फरशीकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा विजय उतरला. मी म्हणत होते डॉक्टरला बोलवा, ते म्हणत होते थांब, घाम गेला म्हणून असंन, पाणी पाजून पाहू. माझ्या नवऱ्यानं पांढऱ्यासाठी डॉक्टर बोलवायला 'थांब' म्हणावं, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. खटकलं, पण कशामुळे ते कळेना. तोवर सासूबाई आल्या, त्यांनी दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या आणि अख्खा गोठा ठसक्यानं भरला. पांढरा खोकलासुद्धा नाही, तसाच मान खाली घालून उभा. शेवटी मीच एका पाहुण्याला मैदानावर पाठवलं आणि डॉक्टरला बोलावून घेतलं.

डॉक्टर तरुण होते, तिकडे सांगलीकडचे कुठले तरी. चांगला माणूस. त्यांनी पांढऱ्याच्या डोळ्याची पापणी उलटी करून बघितली, आतली गुलाबी कातडी फिकी पडली होती. मानेतून थोडं रक्त काचेच्या नळीत काढलं आणि नळी गोठ्याच्या भिंतीवर उभी करून ठेवली. थोड्या वेळानं मला म्हणाले, "वहिनी, हे बघा. रक्त असं ठेवलं की तांबडं खाली बसतं, वर पिवळसर पाणी राहतं. इथं वरचं पाणीपण लाल आहे. म्हणजे तांबड्या पेशी अंगातच फुटतायत."

"कशानं?" मी विचारलं.

"बहुतेक गोचिडांचा ताप. त्यात अशीच लाल लघवी होते." मग त्यांनी थर्मामीटर बघितला. "पण अंगात ताप नाही. अंगावर गोचीडही एवढी दिसत नाही. भाऊ, ह्याला काही दिलंय का तुम्ही? काही पाजलं, काही टोचलं?"

"नाई," हे म्हणाले.

डॉक्टरांनी पेटी उघडली. गोचिडांच्या तापाचं इंजेक्शन जड असतं, किडनीवर भार पडतो, आणि ह्याची किडनी आधीच धोक्यात आहे, पण आजार तोच असेल तर दिल्याशिवाय गत्यंतर नाही, असं ते अर्धं आमच्याशी, अर्धं स्वतःशी बोलत होते. ते सुईत दवा ओढू लागले. मी पांढऱ्याचं डोकं धरायला पुढे झाले. त्याचा श्वास माझ्या तोंडावर आला.

लसूण.

मिरच्यांचा धूर एव्हाना निघून गेला होता. मी पुन्हा त्याच्या नाकपुड्यांजवळ तोंड नेलं. तोच वास, पण माझ्या उपासाच्या दिवशी होता त्याच्या शंभरपट. बैलाच्या छातीच्या तळातून तो येत होता. खांद्याला चार थेंब चोळले तर एवढा वास येत नाही, हे मला माहीत होतं, कारण ते चार थेंब मी चोळले होते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली. गंजातली बाटली, जड खिसा, 'थांब' म्हणणं, सगळं एका क्षणात जागच्या जागी बसलं, आणि मला इतका संताप आला की माझे कान गरम झाले.

"तुम्ही सांगता का मी सांगू?" मी म्हटलं.

गोठ्याच्या दारात पाहुणे उभे होते. नणंदेचे सासरे होते, पटाच्या कमिटीतले एक जण होते. हे दोराची गाठ चाचपत राहिले. मी त्यांचा चेहरा ओळखते. त्यांना पांढरा वाचवायचा होता, आणि उद्याची शर्यतही वाचवायची होती, आणि एवढ्या माणसांपुढे स्वतःची मानही. तिन्ही एकदम वाचवायला बसले होते. डॉक्टरांच्या हातात सुई तयार होती.

"अहो, तो मरून राह्यला," मी म्हटलं. "डॉक्टर भलत्या दुखण्याची दवा देऊन राह्यले. तुमची मान राहू द्या बाजूले."

तेव्हा ते खाली बसले. उकिडवे, दोन्ही हात डोक्यावर. "टोचली म्या," ते म्हणाले. "तपासणी झाल्यावर. शिरेत."

डॉक्टरांनी सुई पेटीत ठेवली. ते ओरडले नाहीत. ते फक्त म्हणाले, "बाटली आणा." मी आणली, ती ह्यांच्या खिशातच होती. त्यांनी वरचं लांबलचक नाव वाचलं आणि डोळे मिटून घेतले. मग विचारलं, किती दिली. ह्यांनी डॉक्टरांच्या पेटीतल्या मोठ्या पिचकारीवर बोट ठेवून दाखवलं, दोनदा भरली म्हणाले. आमच्याकडे जनावराच्या मानेत सुई घालणं घरोघरी येतं, उन्हाळ्यात ग्लुकोजची बाटली लोक स्वतःच लावतात, त्यामुळे शीर सापडणं ह्यांना अवघड नव्हतंच.

"पाणी मिसळलं होतं? सलाईन?"

"नाई. कच्चीच देल्ली."

"का पण भाऊ?"

ह्यांचं उत्तर मी जन्मात विसरणार नाही. "कातड्यातून एवढ्या लवकर जाते," ते म्हणाले. "मले वाटलं, शिरेतून तर अजूनच लवकर जाईन. त्याचा खांदा दुखून राह्यला होता. त्याले दुखू नये म्हणून देल्ली."

 डॉक्टरांनी करड्याच्या मानेतून थोडं रक्त दुसऱ्या नळीत घेतलं, चांगलं, गडद, पलीकडचं काही दिसणार नाही असं. त्यात बाटलीतले थोडे थेंब सोडले आणि नळी हलवली. आमच्या डोळ्यांदेखत त्या रक्ताचा गढूळपणा गेला. ते लालच राहिलं, पण सरबतासारखं आरपार झालं, नळीच्या मागची डॉक्टरांची बोटं दिसू लागली. "ही औषध नाहीच मुळात," ते म्हणाले. "कारखान्यात जे पाण्यात विरघळत नाही ते ह्याच्यात विरघळवतात. वरून लावलं तर सूज कमी करतं, खरं आहे. शिरेत द्यायचंच झालं तर भरपूर सलाईनमध्ये अगदी पातळ करून, आणि तेही आम्ही दहा वेळा विचार करतो. कच्चं गेलं की रक्ताला भेटतं तिथंच पेशी फोडतं. आतला रंग बाहेर पडतो आणि किडनीत जाऊन बसतो. रक्त कमी पडून जाईल, नाहीतर किडनी बंद पडून जाईल. दोन्हीकडून धोका आहे."

हे त्या नळीकडे बघत होते. डॉक्टरांनी हात खाली घेतला तरी त्यांची नजर तिथंच.

मग धावपळ सुरू झाली. सलाईनच्या बाटल्या गोठ्याच्या आढ्याला टांगल्या. चामोर्शीहून रक्त भरायच्या रिकाम्या पिशव्या मागवल्या. रक्त करड्याचं घ्यायचं ठरलं, दुसरा तेवढा धट्टाकट्टा बैल हाताशी नव्हता. दुसऱ्या बैलाचं रक्त पहिल्यांदा दिलं तर बैलाला बहुधा चालतं, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी विचारलं, "बहुधा म्हंजे?" ते म्हणाले, "बहुधा म्हणजे बहुधा, आजी." नणंदेचे सासरे हळूच म्हणाले की उद्या करड्याला तरी दुसऱ्या बैलाबरोबर पळवता आलं असतं, रक्त काढलं तर तोही गेला. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते ओट्यावर जाऊन बसले.

करड्याला ह्यांनी धरलं. एवढी जाड सुई मानेत जाताना तो उसळला असता, पण हे त्याच्या कानाशी बोलत राहिले आणि तो उभा राहिला. पिशवी भरत होती. मी पांढऱ्याजवळ होते. तो आता पोटावर बसला होता आणि माझ्या मांडीवर त्याच्या हनुवटीचा सगळा भार होता. मी त्याला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. पापण्यांचे केससुद्धा पांढरे. आणल्या दिवसापासून मी ज्याच्यावर खार खाल्ला तो हा, आणि मी त्याला 'ऊठ रे राजा, ऊठ' म्हणत बसले होते.

पहिली पिशवी त्याच्या शिरेत जाऊ लागली आणि त्याची कातडी थरथरायला लागली. आधी खांदे, मग पाठ, मग सगळं अंग. डॉक्टरांनी नळीचा चिमटा आवळला, धार अगदी हळू केली, एक इंजेक्शन दिलं आणि छातीला नळी लावून ऐकत राहिले.  बाहेर मैदानावर लाउडस्पीकर ओरडत होता, कुणाची जोडी पहिली, कुणाची दुसरी, लोक शिट्ट्या मारत होते, आणि इथं आम्ही एका बैलाच्या कातडीकडे बघत होतो. हळूहळू थरथर उतरली. डॉक्टरांनी चिमटा सैल केला. "घेतोय," ते म्हणाले.

"आता?" मी विचारलं.

"आता लघवीची वाट बघायची. किडनी चालू राहिली पाहिजे. रंग कसाही येऊ दे, पण आली पाहिजे."

एवढं घर पाहुण्यांनी भरलेलं, चुलीवर मटण शिजत आलेलं, आणि आम्ही सगळी शहाणी माणसं बैलाच्या लघवीची वाट बघत बसलो. हसू नका, मला त्या वेळी जगात दुसरं काही महत्त्वाचं वाटत नव्हतं. सलाईन संपत होतं, दुसरं लागत होतं. तो मुतेना. डॉक्टर घड्याळ बघायचे, पोटावर हात ठेवायचे. उन्हं कलायला लागली. मधेच माझ्या लक्षात आलं की हे गोठ्यात नाहीत. मला वाटलं, बसले असतील कुठे तोंड लपवून, आणि मी मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोलले.

तेवढ्यात मैदानावरचा लाउडस्पीकर बंद पडला. खरखर झाली आणि ह्यांचा आवाज आला. मी तो आवाज ओळखलाच नाही आधी, इतका तो मोठा आणि उघडा होता.

"आमची जोडी काढून घ्या," ते म्हणत होते. "म्या बैलाले दवा टोचली. तपासणीच्या मागून टोचली. बैलाचं रक्त फुटलं, डॉक्टर इलाज करून राह्यले, पण काई खरं नाई. बाटली कोणी देल्ली तरी घेऊ नोका. कोणी असं करू नोका."

पुन्हा खरखर झाली. शिट्ट्या नाहीत, काही नाही. अख्ख्या गावात तो आवाज गेला होता, चुलीपाशी बसलेल्या बायांपर्यंत, परक्या गावच्या सोयऱ्यांपर्यंत. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मला रडू आलं, आणि रागही तेवढाच होता, आणि त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी मला त्या माणसाचा अभिमान वाटला. तो तेव्हा वाटायला नको होता, पण वाटला. ते परत आले आणि कुणाशी न बोलता करड्याजवळ जाऊन उभे राहिले.

दिवस मावळायच्या जरा आधी पांढरा धडपडला. मी आणि डॉक्टरांनी दोन्हीकडून आधार दिला, तो उठून उभा राहिला, पाय फाकवले आणि लघवी केली. बरीच केली. काळपट लाल. पण डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि मग एकदम ओशाळून "माफ करा वहिनी" म्हणाले. त्या रात्री मांडवात नाटक झालं, आमच्या घरचं कुणी गेलं नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते मी नीट सांगू शकत नाही. डॉक्टर येत होते, सलाईन चालू होतं. मी प्रत्येक वेळी बादली धरायची आणि बादलीतला रंग उजेडात नेऊन बघायचा. काळ्याचा लाल झाला, लालचा तांबूस, मग एका सकाळी बादलीत साधी, पिवळी, रोजच्या जनावराची लघवी होती. मी ती बादली ओतून टाकायच्या आधी सासूबाईंना नेऊन दाखवली. त्याच दिवशी त्यानं हिरव्या लाखोळीच्या चाऱ्याची पेंढी तोंडात धरली आणि चावली. डॉक्टर म्हणाले, वाचला. पळणार मात्र नाही, पळवूही नका. हे म्हणाले, "पळवायचं नाव कोण घेते."

त्या दिवशी हे आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गोठ्यात आले. इतके दिवस ते लांबूनच बघत होते, सगळं माझ्यावर आणि डॉक्टरांवर सोडलेलं. त्यांच्या हातात टोपलं होतं, ढेप गुळाच्या पाण्यात भिजवून आणली होती. पांढऱ्यानं मान वळवून त्यांना पाहिलं. हे पुढे झाले आणि त्यांनी त्याच्या कपाळाकडे हात नेला. पांढरा मागे सरला. दोर ताणला गेला, खुंटा हलला, आणि त्यानं मान पलीकडच्या भिंतीशी नेऊन दाबून धरली, सुई टोचली होती ती बाजू आत घालून. त्याचे डोळे मोठे झाले होते. हे थांबले, हळू आवाजात त्याच्याशी बोलायला लागले, जसे रोज बोलायचे तसेच, काल कोण भेटलं, काय म्हणालं. त्यानं ऐकलं नाही. हात जरासा पुढे आला की तो अजून भिंतीत घुसायला बघे.

मी म्हटलं, दुखण्यातून उठलाय, विसरेल. तो विसरला नाही. महिने गेले. माझ्या हातून तो खातो, सासूबाई अंग खाजवतात तर डोळे मिटतो, डॉक्टर आले तर त्यांच्या पेटीलाही भीत नाही. फक्त ह्यांची सावली दारात पडली की खाणं सोडतो आणि भिंतीला लागतो. हे रोज जातात. रोज एक पाऊल आत टाकतात, हात पुढे करतात आणि बघतात. परवा मी मागे उभी होते. त्यांनी हात पुढे केला, त्यानं मान भिंतीत दाबली, आणि ते बराच वेळ तसाच हात पुढे धरून राहिले.

"बरोबर हाय त्याचं," ते म्हणाले, आणि टोपलं माझ्या हातात दिलं.